न्यूट्रल नसलेल्या बोर्डात स्मार्ट डिमर: आधी बल्ब बघा, मग बटण

बाबा रात्री दोन-तीनदा उठतात. डोंबिवलीच्या घरातला पॅसेजचा दिवा लावला की त्यांचे डोळे दिपतात आणि न लावता गेले तर उंबऱ्याला पाय अडखळतो. म्हणून ठरवलं की त्या दिव्याला स्मार्ट डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारं आणि फोनवरूनही चालणारं बटण, लावायचा. संध्याकाळी पूर्ण उजेड, रात्री अकरानंतर अगदी मंद. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘न्यूट्रलची गरज नाही’ असं लिहिलेला डिमर मागवला, कारण त्या बोर्डात न्यूट्रल नाही असं वायरमननं सांगितलं होतं. बसवला. त्या रात्री बटण बंद असताना बल्ब दर चार-पाच सेकंदांनी एकदा लुकलुकत होता, आणि मंद केला की थरथरत होता. बाबांची झोप आणखीच मोडली.

खोक्यावरचं वाक्य खरं होतं. डिमरला न्यूट्रल नको होता. पण न्यूट्रलच्या बदल्यात तो बल्बकडून काय मागतो, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते मागणं काय असतं हे कळलं, तर या खरेदीतला निम्मा गोंधळ संपतो.

सुरुवात साध्या बटणापासून करू. घरात येणाऱ्या दोन मुख्य वायरी म्हणजे फेज आणि न्यूट्रल. फेज बटणापर्यंत येते, बटणातून पुढे बल्बकडे जाते, बल्बमधून न्यूट्रलमार्गे परत जाते. बटण ते बल्ब या तुकड्याला वायरमन ‘हाफ’ म्हणतात, कुणी ‘रिटर्न’ म्हणतात. साध्या बटणाला स्वतःला वीज लागत नाही. त्याचं काम फक्त वाट उघडायची किंवा बंद करायची. त्यामुळे बोर्डात फेज आणि हाफ एवढ्या दोन वायरी पुरतात. न्यूट्रल थेट छतावरच्या होल्डरला जातो, आणि तेवढीच तांब्याची बचत होते.

स्मार्ट बटणाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पोटात एक छोटा रेडिओ असतो आणि तो चोवीस तास जागा लागतो. दिवा बंद असतानाही, कारण फोनवरून ‘लाव’ असा निरोप कधी येईल सांगता येत नाही. जागं राहायला वीज लागते, आणि वीज मिळवायची तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही हवेत. न्यूट्रल नसेल तर त्याच्याकडे एकच वाट उरते: हाफमधून, म्हणजेच बल्बमधून. दिवा ‘बंद’ असतानाही हा डिमर बल्बमधून अगदी थोडा प्रवाह चालू ठेवतो आणि त्यावर जगतो. बल्ब त्याच्या जेवणाच्या वाटेतच बसलेला असतो.

जुन्या पिवळ्या, तारेच्या बल्बला याचं काहीच वाटत नसे. ६० वॅटचा तो बल्ब २३० व्होल्टवर साधारण २६० मिलिअँपिअर घेई. त्यातून दोन-तीन मिलिअँपिअर गेले तरी तार कोमटसुद्धा होत नसे. एलईडीचं तसं नाही. ९ वॅटचा एलईडी मुळात ४० ते ८० मिलिअँपिअरवर चालतो, आणि त्याच्या बुडाशी एक इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्यात वीज साठवणारा कपॅसिटर असतो. गळक्या नळाखाली तांब्या ठेवावा तसा तो कपॅसिटर त्या थेंबाथेंबानं येणाऱ्या विजेनं भरत राहतो. पुरेसा भरला की सर्किटला वाटतं दिवा लावला, बल्ब क्षणभर पेटतो, तांब्या रिकामा होतो, बल्ब विझतो, आणि पुन्हा थेंब थेंब भरणं सुरू. आमच्या पॅसेजमधलं ते लुकलुकणं म्हणजे हेच. काही बल्ब लुकलुकत नाहीत, पण रात्रभर काजव्यासारखे मिणमिणत राहतात. कारण तेच.

दिवा चालू असतानाही डिमरला जेवावं लागतं. तेव्हा तो विजेच्या प्रत्येक लाटेतला एक छोटा तुकडा स्वतःसाठी बाजूला काढतो. म्हणून न्यूट्रल नसलेला डिमर ‘१०० टक्के’ दाखवत असला तरी बल्ब थेट बटणावर जेवढा उजळतो त्याहून किंचित कमीच उजळतो. तो दोष समजू नका. ही या रचनेची किंमत आहे.

मुळात डिमर ही वस्तू न्यूट्रलशिवायच जन्मली. १९५९ मध्ये जोएल स्पायरा यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी घरगुती वापराचा इलेक्ट्रॉनिक डिमर तयार केला आणि १९६१ मध्ये ल्यूट्रॉन ही कंपनी काढली. साध्या बटणाच्या जागी, त्याच दोन वायरींवर बसेल, हीच तर त्याची खुबी होती. आपल्याकडेही प्रत्येक घरात याचा चुलतभाऊ आहे: पंख्याचा रेग्युलेटर. त्यालाही दोनच वायरी. जुना खोक्यासारखा रेग्युलेटर रोधातून वीज जाळून वेग कमी करायचा आणि हाताला गरम लागायचा. नंतरचे गोल फिरवायचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लाट कापून वेग कमी करू लागले, आणि दिव्याचे डिमर नेमकं तेच करतात. (तरीही कुणी पंख्याच्या रेग्युलेटरवर दिवा किंवा दिव्याच्या डिमरवर पंखा लावायला सांगितलं तर ऐकू नका. पंख्याची मोटर आणि एलईडी यांच्या गरजा वेगळ्या असतात, आणि बिघडलेला पंखा गुणगुणत गरम होत राहतो.)

लाट कापणं म्हणजे काय, ते जरा सविस्तर बघायला हवं, कारण डिमरच्या खोक्यावर याचाच उल्लेख असतो. आपल्या घरची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर अर्ध्या लाटा. डिमर प्रत्येक अर्ध्या लाटेचा काही भाग बल्बपर्यंत जाऊ देत नाही. जुन्या पद्धतीत लाटेचा सुरुवातीचा भाग कापतात. त्याला लीडिंग एज म्हणतात, आणि हे काम ट्रायक नावाचा पुर्जा करतो. यात बल्बला आधी शून्य आणि मग एकदम उंच व्होल्टेज मिळतं, सेकंदाला शंभर वेळा. तारेच्या बल्बला हे चालायचं. एलईडीच्या आतला कपॅसिटर मात्र प्रत्येक धक्क्याला झपकन वीज ओढतो, आणि मग बल्ब गुणगुणतो, थरथरतो, त्याचं आयुष्यही घटतं. शिवाय ट्रायकला चालू राहण्यासाठी किमान काही प्रवाह लागतो. एकटा ९ वॅटचा बल्ब मंद केला की तेवढा प्रवाह उरत नाही आणि ट्रायक मध्येच सुटतो.

दुसऱ्या पद्धतीत लाट शून्यापासून सावकाश चढू देतात आणि शेवटचा भाग कापतात. ही ट्रेलिंग एज. एलईडीसाठी जवळजवळ नेहमी हीच बरी. बोर्डात न्यूट्रल नसेल आणि दिवे एलईडी असतील, तर मी ट्रेलिंग एज न देणारा डिमर विचारातही घेणार नाही. काही डिमर दोन्ही पद्धती जाणतात आणि पहिल्यांदा जोडल्यावर बल्ब पारखून स्वतः निवड करतात. तसा मिळाला तर उत्तम.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे या. लोक कमाल वॅट बघतात. न्यूट्रल नसलेल्या जागी किमान वॅट आधी बघायचे. ‘किमान भार २० वॅट’ असं लिहिलं असेल आणि तुमच्या पॅसेजमध्ये ९ वॅटचा एकच बल्ब असेल, तर तो डिमर तुमच्यासाठी नाही, मग बाकी कितीही गुण असोत. हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये १२ वॅटचे सहा दिवे एका बटणावर असतील तर ७२ वॅट होतात आणि किमानाचा प्रश्नच येत नाही. म्हणजे तोच डिमर हॉलमध्ये छान चालतो आणि पॅसेजमध्ये छळतो. कमाल आकडा बघताना एलईडीसाठी वेगळा दिलेला आकडा शोधा. तारेच्या बल्बसाठी २०० वॅट लिहिलेला डिमर एलईडीसाठी त्यापेक्षा बराच कमी भार घेतो. एलईडीसाठीचा आकडा दिलाच नसेल, तर तो डिमर दुकानातच राहू द्या.

पण या आकड्यांच्याही आधी बल्ब. आपल्याकडच्या घरांत सर्वांत जास्त दिसणारा ९ वॅटचा पिन होल्डरचा एलईडी मंद करण्यासाठी बनवलेलाच नसतो. २०१५ साली सुरू झालेल्या सरकारच्या स्वस्त एलईडी बल्बांच्या उजाला योजनेतून घरोघर गेलेले बल्बही याच साध्या जातीचे. त्यांच्या आतलं सर्किट व्होल्टेज खालीवर झालं तरी उजेड एकसारखा ठेवायला धडपडतं. विजेच्या चढउतारात तो गुण आहे, पण डिमर लावला की तोच आड येतो. आपण उजेड कमी करायला बघतो, बल्ब तो टिकवायला बघतो, आणि या ओढाताणीत बल्ब थरथरतो. म्हणून खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेला बल्बच घ्या. एका बटणावर चार दिवे असतील तर चारही एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे घ्या, नाहीतर मंद करताना एक आधी विझतो आणि बाकीचे जळत राहतात. फॉल्स सीलिंगमधल्या पॅनेल दिव्यांचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारी डबी, वेगळा असतो. तिथे दिव्याचं नाही, ड्रायव्हरचं लेबल वाचायचं.

बल्ब डिमेबल घेऊनही तो बंद असताना मिणमिणला तर ‘बायपास’ नावाची वस्तू मिळते. बोटाच्या पेराएवढी डबी, दोन वायरी. ती छतावर, होल्डरपाशी, बल्बला समांतर जोडतात. डिमरचा तो थेंबथेंब प्रवाह मग बल्बऐवजी या डबीतून न्यूट्रलला जातो. एका बटणावर दहा दिवे असले तरी डबी एकच लागते. ती डिमरच्याच कंपनीची घ्या. गल्लीतल्या दुकानातून सुटा कपॅसिटर आणून जोडायचा सल्ला काही लोक देतात, तो ऐकू नका. ही वस्तू २३० व्होल्टवर वर्षानुवर्षं छताच्या आत राहणार असते.

एवढं सगळं सांगून झाल्यावर आता तो प्रश्न, जो मी सर्वांत आधी विचारायला हवा होता: बोर्डात न्यूट्रल खरंच नाही का?

आपल्याकडच्या बोर्डांचं एक वैशिष्ट्य आहे. एकाच बोर्डावर तीन-चार बटणं आणि शेजारी एक प्लग, ही आपली सवय. आणि प्लगला न्यूट्रल लागतोच. म्हणजे ज्या बोर्डावर प्लग आहे, तिथे न्यूट्रल आलेला आहे. न्यूट्रल नसतो तो प्लग नसलेल्या छोट्या बोर्डांत: पॅसेज, बाथरूमच्या बाहेरचं बटण, जिना, पलंगाच्या उशाशी असलेलं टू-वे बटण. इंग्लंडमध्ये न्यूट्रल बहुधा छतापाशीच फिरवलेला असतो आणि बटणापाशी येत नाही. अमेरिकेत २०११ च्या विद्युत संहितेपासून बटणाच्या खोक्यात न्यूट्रल ठेवण्याची अट आली, त्याआधीच्या घरांत तो असेलच असं नाही. तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांना न्यूट्रलचा प्रश्न जितका सतावतो तितका तो इथे सतावत नाही, पण इथला वायरमन ते सहसा न बघताच ‘नाही’ म्हणतो.

हे तपासताना एक फसगत होते. वायरमन टेस्टर लावतो. फेजवर टेस्टर पेटतो, दुसऱ्या वायरीवर पेटत नाही, आणि तो म्हणतो, हा बघा न्यूट्रल. पण बटण बंद असताना हाफवरही टेस्टर पेटत नाही, कारण ती बल्बमधून पलीकडे न्यूट्रललाच जोडलेली असते. बटण चालू करून पुन्हा बघायला सांगा. आता पेटला तर ती हाफ, न्यूट्रल नव्हे. रंगांवर विसंबू नका. काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग असा संकेत आहे, पण जुन्या इमारतीत हाताशी असेल त्या रंगाची वायर ओढलेली दिसते. आणि ही तपासणी वीज चालू ठेवूनच होते, म्हणून ती परवानाधारक वायरमनचीच कामं आहेत, आपण बाजूला उभं राहून प्रश्न विचारायचे.

दोन गोष्टी मात्र कुणी कितीही खात्रीनं सांगितल्या तरी करू देऊ नका. पहिली, अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून वापरणं. दिवा लागेल, डिमर चालेल, पण घरातल्या फ्रिज-गिझरच्या धातूच्या अंगांना जोडलेल्या वायरीतून प्रवाह जात राहील. दुसरी, शेजारच्या पण वेगळ्या एमसीबीवर (मेन बोर्डातल्या त्या सर्किटच्या वेगळ्या स्विचवर) असलेल्या बोर्डातून न्यूट्रल उचलणं. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह गळला की वीज तोडणारा स्विच) असेल आणि दोन सर्किटं त्याच्या वेगवेगळ्या बाजूला असतील तर तो ट्रिप होत राहील. आणि नसेल तर त्याहून वाईट: उद्या कुणी एक एमसीबी बंद करून निर्धास्तपणे त्या न्यूट्रलला हात लावेल, आणि त्यात दुसऱ्या सर्किटचा प्रवाह असेल.

न्यूट्रल नाहीच असं ठरलं, तरी लगेच न्यूट्रलविना डिमरकडे धावायची गरज नाही. आपल्या भिंतींत वायरी बहुधा पाइपातून किंवा पट्टीतून गेलेल्या असतात. पट्टी असेल तर झाकण उघडून एक काळी वायर टाकणं अर्ध्या तासाचं काम. कन्सील पाइप असेल तर वायरमन स्प्रिंग घालून बघतो. पाइपात जागा असली तर वायर येते, चेपलेला किंवा सिमेंट शिरलेला असला तर येत नाही. माझ्या मते हा प्रयत्न प्रत्येक वेळी आधी करावा. एकदा न्यूट्रल आला की किमान वॅट, बायपास, मिणमिणणं हे बरेचसे प्रश्न मागे पडतात, आणि डिमर निवडायला कितीतरी जास्त पर्याय मिळतात.

वायर येत नसेल तर आणखी एक वाट आहे. बोर्डात फेज आणि हाफ कायमची जोडून टाकायची, म्हणजे छतावर फेज आणि न्यूट्रल दोन्ही कायम मिळतात. मग डिमरचं मॉड्यूल छतावरच्या रोझमध्ये, म्हणजे दिव्याची वायर जिथून निघते त्या गोल डबीत, किंवा फॉल्स सीलिंगच्या आत बसवायचं, किंवा थेट स्मार्ट बल्बच लावायचा. भिंतीवर जुन्या बटणाच्या जागी सेलवर चालणारं बिनतारी बटण. त्याला कुठलीच वायर लागत नाही. मात्र घरातल्या सगळ्यांना दिवा भिंतीवरूनच लावता आला पाहिजे. फोन काढल्याशिवाय लागत नाही असा दिवा म्हाताऱ्या माणसांच्या घरात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

एलईडी पट्टी लावली असेल तर गोष्ट आणखी सोपी. ती १२ किंवा २४ व्होल्टवर अडॅप्टरमधून चालते. तिचा डिमर अडॅप्टरच्या पुढे, कमी व्होल्टच्या बाजूला बसतो आणि भिंतीतल्या न्यूट्रलशी त्याचा संबंधच येत नाही.

रेडिओ कोणता, हाही पोटाचाच प्रश्न आहे. वायफायचा रेडिओ निरोप पाठवताना झिगबीपेक्षा (झिगबी आणि झेड-वेव्ह या स्मार्ट वस्तूंसाठीच्या, कमी विजेच्या बिनतारी पद्धती) कितीतरी पटीनं जास्त वीज खातो. न्यूट्रल नसताना ती सगळी बल्बमधूनच यायची. म्हणून अशा जागी झिगबी किंवा झेड-वेव्ह बरं, मग त्यांना घरच्या इंटरनेटशी जोडणारा एक हब विकत घ्यावा लागला तरी. झेड-वेव्ह घेताना भारतासाठीचं, ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातलं बघा. अमेरिकेतून येताना कुणी हौसेनं डिमर आणून देणार असेल तर त्यांना प्रेमानं नको म्हणा. तिथलं झेड-वेव्ह ९०८ मेगाहर्ट्झवर चालतं. आणि ल्यूट्रॉनचा कॅसेटा हा स्मार्ट डिमर, ज्याचं न्यूट्रलशिवाय चालण्याबद्दल तिथे फार कौतुक होतं, त्याचा नेहमीचा भिंतीवरचा डिमर १२० व्होल्टसाठी आहे. इथल्या २३० व्होल्टवर तो लावू नये.

घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह आहे की स्क्वेअर वेव्ह, ते बघा. लाट कापणाऱ्या डिमरला गुळगुळीत लाट लागते. स्क्वेअर वेव्हवर तो गुणगुणतो, भलत्याच जागी कापतो आणि खराबही होऊ शकतो. आणि वीज जाऊन परत आल्यावर दिव्यानं काय करायचं, ही सेटिंग डिमरमध्ये किंवा स्मार्ट बल्बमध्ये आहे का ते खरेदीआधीच विचारा. ती नसेल तर पहाटे तीनला वीज परत आली की दिवा पूर्ण उजेडात लागू शकतो आणि घर जागं होतं. स्वतः जागं राहण्यासाठी डिमर साधारण अर्धा वॅट खातो असं धरलं, तर वर्षाला साडेचार युनिटही होत नाहीत. त्याची चिंता नको.

बसवल्यावर मंदपणाची खालची मर्यादा लावून घ्या. बल्ब न थरथरता जिथपर्यंत मंद होतो, ती मर्यादा. ती १० टक्क्यांवर आली तर तेवढ्यावर समाधान मानू नका. आपला डोळा उजेड सरळ हिशेबानं मोजत नाही. मोजलेला १० टक्के उजेड डोळ्याला साधारण ३२ टक्के वाटतो. रात्रीच्या पॅसेजला ३ टक्क्यांच्या आसपास मोजलेला उजेड पुरतो, आणि तिथपर्यंत न थरथरता उतरणारा बल्ब शोधायला दोन-तीन बल्ब बदलून बघावे लागतात. बोर्डाचे स्क्रू कायमचे आवळण्याआधी रात्री खोली पूर्ण अंधारी करून, दिवा बंद ठेवून, पाच मिनिटं बल्बकडे बघा. दिवसा मिणमिणणं दिसत नाही.

आमच्या पॅसेजमध्ये शेवटी काय झालं? पॅसेजच्या भिंतीपलीकडे बेडरूमचा बोर्ड आहे, त्यावर प्लग आहे, आणि दोन्ही बोर्ड एकाच एमसीबीवर निघाले. वायरमनकाकांनी भिंतीत आरपार एक छिद्र पाडलं आणि त्या प्लगच्या न्यूट्रलपासून हातभर काळी वायर पॅसेजच्या बोर्डात आणली. पहिला डिमर काढून तिथे न्यूट्रलवर चालणारा, ट्रेलिंग एजचा डिमर बसवला, वर डिमेबल बल्ब. बाबांसाठी भिंतीवरचं बटण घंटीच्या बटणासारखं, दाबलं की सुटणारं ठेवलं आहे. एकदा दाबलं की दिवा, धरून ठेवलं की उजेड कमी-जास्त. अकरानंतर तो आपोआप तीन टक्क्यांवर येतो. उंबरा दिसतो, आणि आईची झोप मोडत नाही.